पेंढ्याचं रेडकू

एका जंगलात म्हशी होत्या पुष्कळ, पण राज्य होतं बोक्याचं. बोका म्हशींवर राज्य कसा करील, असं विचारू नका. बाळांनो, राज्य करायला शिंगं लागत नाहीत. मिशा लागतात, आणि जिभेवर साखर लागते.

या बोक्याला सगळे कारभारी म्हणत. दुधावर त्याचा भारी जीव. त्यामुळे जगात एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांत खुपायची, ती म्हणजे रेडकू. म्हशीने चार शेर दूध द्यावं आणि त्यातलं दीड शेर रेडकाच्या नरड्यात जावं! केवढी ही नासाडी!

बरं, रेडकू काढून घ्यावं तर म्हैस पान्हा चोरते. मग जुन्या गवळ्यांची एक रीत होती. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीपुढे उभं करायचं. बिचारी त्याला चाटते आणि पान्हवते.

कारभाऱ्यांनी ती रीत उचलली आणि सुधारली. मरायची वाट कशाला बघायची?

माकडांनी कारखाना काढला. कातडं नकली, पेंढा अस्सल, पोटात यंत्र. यंत्र तासातासाला रेकायचं, मान हलवायचं, अंग कोमट ठेवायचं. वासाचं काय? तर खऱ्या रेडकाच्या अंगावर पोतं घासायचं आणि तेच पोतं या खोट्यावर घासायचं. झालं!

रेडकू महिन्याचं झालं की कारभाऱ्यांची माणसं, म्हणजे माकडं, येऊन म्हणत, "कानाला बिल्ला मारून आणतो." सकाळी रेडकू जाई, संध्याकाळी रेडकू येई. गेलेलं कोणतं आणि आलेलं कोणतं, हे कोण बघतं? खरं रेडकू डोंगरापलीकडच्या खडकाळ माळावर सोडून देत. जगलं तर जगलं.

बिल्ले म्हशींच्याही कानात होते, पिवळे. ते बोलायचे. रोज पहाटे म्हणायचे, "आज सगळं ठीक आहे. काल आजच्यापेक्षा वाईट होतं." रोज ऐकून ऐकून म्हशींना ते आपल्याच मनातलं वाटू लागलं होतं.

त्या कळपात चांदरी नावाची म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने जरा खोचक. तिचं रेडकू बिल्ला मारून आलं, त्याला तीन महिने झाले. चांदरी त्याला चाटायची आणि विचारात पडायची.

एक दिवस तिने शेजारच्या शिंगमोडीला विचारलं. शिंगमोडी कळपातली थोरली, एक शिंग तुटलेली.

"आक्का, तुमचं रेडकू शेण टाकतं का हो?"

"नाही गं बाई. किती स्वच्छ लेकरू!"

"ढुशी देतं का कासेला?"

"छे! वळणच तसं लावलंय."

"आणि वाढतं का?"

शिंगमोडी रवंथ करायची थांबली. मग म्हणाली, "वाढून काय करायचंय? वाढलं की उनाड होतं. तू खा, रवंथ कर, पाण्यात बस. म्हशीच्या जातीला इतकं डोकं बरं नव्हे."

चांदरी तडक कारभाऱ्यांकडे गेली. कारभारी वाटी चाटत बसले होते.

"कारभारी, माझं रेडकू वाढत नाही."

"वाढत नाही असं तुला वाटतं," कारभारी मऊ आवाजात म्हणाले. "वाटणं वेगळं, असणं वेगळं. आपण मोजणी करू."

मग आला बगळा मोजणीदार. एका पायावर उभा राहिला, काठी काढली, रेडकू मोजलं. "दोन काठ्या." आठ दिवसांनी पुन्हा आला. "अडीच काठ्या! अभिनंदन!"

"मोजणीदार," चांदरी म्हणाली, "काठी आखूड झाली की हो."

बगळ्याने डोळे मिटले. "काठी सरकारी आहे, बाई. सरकारी काठी आखूड होत नाही. जनावर मोठं होतं."

त्या दिवशी चांदरीने एक गोष्ट केली. पान्हा चोरला.

कारभाऱ्यांनी सरकीची पेंड घातली. पान्हा नाही. गाणी लावली. नाही. सुई टोचली, तर चांदरीने लाथ मारून माकड उकिरड्यात पाडलं. बिल्ला कानात ओरडला, "तुला पान्हा फुटलेला आहे! तुला पान्हा फुटलेला आहे!" बादली कोरडी ती कोरडीच.

"हुकमाने दूध येत नाही, कारभारी," चांदरी म्हणाली. "माझं लेकरू आणा."

तेवढ्यावर भागलं असतं. पण म्हशींचं कसं असतं, एक पाण्यात बसली की सगळ्या बसतात. दुसऱ्या दिवशी तिघींनी पान्हा चोरला. का चोरला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सात जणी झाल्या. कारभाऱ्यांच्या वाटीचा तळ दिसला, आणि तळ दिसला की भल्याभल्यांना न्याय सुचतो.

"असं करू," कारभारी म्हणाले. "दावणीचं आणि तू म्हणतेस ते, दोन्ही रेडकं कळपापुढे उभी करू. कळप म्हणेल ते खरं. तुझं खरं ठरलं तर घेऊन जा. आपल्याकडे जबरदस्ती नाही."

भर दुपारी कळप जमला. एका बाजूला पेंढ्याचं रेडकू, तेल लावून चमकवलेलं. दुसऱ्या बाजूला माकडांनी दोरीने ओढत माळावरून एक रेडकू आणलं. बरगड्या मोजून घ्याव्यात, गुडघे फुटलेले, अंगभर गोचिड्या. आल्या आल्या त्याने शेण टाकलं. माकडाला दुगाणी झाडली. मग चांदरीकडे बघून ते बिचकलं. ओळखलंच नाही.

 चांदरी हळूच पुढे झाली आणि तिने त्याची मान चाटली. एकदा, दोनदा. रेडकू थरथरलं, कासेखाली घुसलं आणि अशी ढुशी दिली, की चांदरीचे मागचे पाय उचलले गेले.

"बघा!" चांदरी ओरडली. "आता सांगा!"

बगळ्याने काठी लावली. "चार काठ्या. नियमात चार महिन्यांचं रेडकू अडीच काठ्यांचं असतं. हे नियमात बसत नाही."

"किती घाण आहे बाई," एक म्हैस म्हणाली.

"दुगाणी झाडतं! आमची कधी झाडत नाहीत."

"आक्का," चांदरी शिंगमोडीकडे वळली, "तुम्ही सांगा. तुम्ही सात वेतं काढलीत. तुम्हाला कळत नाही का?"

शिंगमोडी पुढे आली. तिने रेडकाचा वास घेतला, खोलवर. तिचे डोळे भरले. कासेतून टपटप दूध गळायला लागलं, खाली मातीत. ती पटकन वळून उभी राहिली, की कुणाला दिसू नये.

मग चांदरीच्या कानाशी लागून म्हणाली, "हे खरं म्हटलं, तर माझं कुठे गेलं गं, चांदरे? आणि त्याच्या आधीची?"

आणि मोठ्याने म्हणाली, "हे खोटं आहे."

"खोटं! खोटं!" सगळा कळप हंबरला. शिंगं खाली करून म्हशी रेडकावर चालून आल्या. चांदरी मध्ये उभी राहिली. दोन शिंगं तिच्या बरगडीत घुसली, तरी ती हलली नाही. रेडकाला पोटाशी घेऊन मागे मागे सरकत ती डोंगराच्या वाटेला लागली. तिथे चारा नव्हता, पाणी नव्हतं. पण ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिल्ले बोलले, "चांदरी नावाची म्हैस कधी नव्हती." आणि तिच्या जागेवर माकडांनी पेंढ्याची चांदरी उभी केली, कपाळावर ठिपक्यासकट. जी नव्हतीच, तिचा पुतळा कशाला, हे कुणीही विचारलं नाही.

शिंगमोडी आपल्या दावणीला गेली. आपल्या स्वच्छ, कोमट रेडकाला तिने इतकं चाटलं, इतकं चाटलं, की त्याच्या पाठीवरचे केस झडले. त्या दिवशी तिने दोन शेर दूध जास्त दिलं.

तात्पर्य: बाळांनो, खरं काय आणि खोटं काय, हे शहाण्याने डोळ्यांनी, नाकाने किंवा कासेने ठरवू नये. आधी काठी विचारावी. आणि मन फारच भरून आलं, तर रडून घ्यावं. मात्र बादली खाली असल्याची खात्री करून.