राजाचे जास्तीचे नमस्कार

"तुम्ही फक्त पडदा उघडा. बाकीचं माझं कर्नेल बघून घेईल," असं जावईबापूंनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं.

"मागच्या वेळी तुम्ही बघून घेतो म्हणालात, तेव्हा नुसता नळ गळत होता," त्यांची बायको म्हणाली. "नंतर भिंत गळायला लागली."

सासरे कपात बघत राहिले. त्यांचं सगळं आयुष्य कठपुतळ्यांच्या दोऱ्या ओढण्यात गेलं होतं. पण आता हात थरथरायला लागले होते. राजा तलवार उपसतोय की स्वतःला वारा घालतोय, हे प्रेक्षकांना कळेनासं झालं होतं. म्हणून जावयाने एक पेटी तयार केली होती. पेटीतल्या छोट्या मोटरी दोऱ्या ओढणार, आणि कोणती दोरी कधी ओढायची हे आतला संगणक सांगणार. सासऱ्यांनी शेजारी बसून त्याला एकेक हालचाल शिकवली होती. आज पेटीचा पहिला खेळ होता. हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की पोरं रमली तर दर रविवारी हॉल तुमचा, नाहीतर तिथे व्यायामाचा वर्ग सुरू होईल.  सासरे सकाळपासून राजाचा मुकुट पुसत होते.

आता हे कर्नेल काय प्रकरण आहे, ते आधी समजून घेऊ. घाई नाही, राजा अजून पडद्याआडच आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम; पेटीतलं कर्नेल जावईबापूंनी स्वतः लिहिलं होतं. संगणकाची मेमरी म्हणजे कामाचं टेबल समजा, आणि डिस्क म्हणजे मागचं मोठं कपाट. टेबल लहान, कपाट मोठं. म्हणून सगळा पसारा सारख्या आकाराच्या पानांमध्ये वाटलेला असतो, आणि लागतील तेवढीच पानं टेबलावर ठेवतात. खेळ चालू असताना टेबलावर नसलेलं पान लागलं, की यंत्र जागच्या जागी थांबतं आणि कर्नेलला हाक मारतं. कर्नेलमधला 'आणणारा' धावत जातो, कपाटातून पान आणून टेबलावर ठेवतो, आणि काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला, तरी ही चूक नव्हे, रोजचंच काम. राजाने नुसता हात उचलला, तरी तेवढ्यात हा आणणारा कितीतरी खेपा घालून येतो. आणि राजाला पत्ताही नसतो. हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा जावईबापू जेवणाचं ताट तसंच ठेवून बसून राहिले होते.

टेबल भरून वाहू नये म्हणून त्यांनी एक 'आवरणारा'ही लिहिला होता. त्याला हुकूम एकच. ज्या पानाला बराच वेळ कोणी हात लावला नाही, ते उचलायचं आणि कपाटात टाकायचं. "माझ्याकडे वशिला चालत नाही," जावईबापू अभिमानाने सांगत. "आपला असो, परका असो, रिकामा बसला की गेला."

पडदा उघडला. राजा आला, वाकून म्हणाला, "नमस्कार मंडळी." हॉलभर पोरं. दरबार झाला, शिकार झाली, आणि राजा झोपला. ही झोप म्हणजे सासऱ्यांची खरी करामत. लाकडाचा राजा, पण छाती संथपणे वरखाली होत होती, आणि सगळी पोरं श्वास रोखून बघत होती. आता राक्षस येणार.

राक्षस आला नाही. राजा ताडकन उठला, वाकला आणि म्हणाला, "नमस्कार मंडळी."

"हे काय?" बायको पडद्यामागे कुजबुजली.

"तुझं कोपर लागलं असेल."

"माझं कोपर माझ्याजवळ आहे."

खेळ पहिल्यापासून सुरू झाला. दरबार, शिकार, झोप. आणि पुन्हा, "नमस्कार मंडळी." या वेळी दोनचार पोरांनी उलट नमस्कार केला. जावईबापूंनी वायर बदलली, पेटीला पंख्याने वारा घातला, शेवटी तिच्यावर एक चापटही मारली. तिसऱ्या खेपेला राजा उठायच्या आत अख्खा हॉल ओरडला, "नमस्कार राजे!"

सासरे कोपऱ्यात उभे होते. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "बंद करायचं का?"

जावयाला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तो झोपलेल्या राजाकडे बघत राहिला. बिचारा किती शांत. झोपेला लागणारं सगळं टेबलावरच होतं, नवीन काही आणायला नको. 

"आणायला नको म्हणजे आणणारा रिकामा बसला," तो पुटपुटला. "आवरणाऱ्याने बघितलं, आणणारा ज्या पानावर लिहिलाय त्याला बराच वेळ कोणी हात लावला नाही, आणि तेच उचलून कपाटात टाकलं. मग राक्षसाचं पान हवं झालं. यंत्राने आणणाऱ्याला हाक मारली. तो टेबलावर नाही. मग त्याला आणायला परत त्यालाच हाक."

"म्हणजे कपाट उघडणाऱ्या माणसालाच तुम्ही कपाटात कोंडलंत?" बायको म्हणाली.

"आणि तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही, की यंत्र हात टेकतं आणि पहिल्यापासून सुरू होतं."

"घरी कसं झालं नाही हे?"

"घरी मी राजाला नीट झोपू कुठे दिलं? दर वेळी पुढे पळवायचो."

त्याला लाज वाटली, पण त्याहून मोठं नवल वाटलं. यंत्राने त्याचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. वशिला नाही म्हणजे नाही, अगदी स्वतःच्या हातापायांनाही नाही.

राजा पुन्हा उठताच त्याने पेटी बंद केली. पोरं ठप्प उभ्या राजाला नमस्कार घालत होती, तेवढ्यात त्याने आवरणाऱ्यासाठी एक ओळ लिहिली: आणणाऱ्याचं पान कधीही उचलायचं नाही. पेटी सुरू केली.

दरबार, शिकार, झोप. छाती वरखाली. हॉल गप्प. भिंतीवर राक्षसाची सावली सरकली, राजाने एक डोळा उघडला, आणि तलवार अशी सपकन निघाली की सासऱ्यांची बोटं पडद्यामागे आपोआप वळली. थरथरत होती, तरी वळली. राक्षस पडेपर्यंत यंत्र किती वेळा थांबलं, किती खेपा झाल्या, हॉलमध्ये कोणालाही कळलं नाही. जावयाच्या अंगावर काटा आला.

पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडवेली होऊन विचारत होती, "राजा परत नमस्काराला का नाही उठला?"

व्यवस्थापक बाई मागे आल्या. डोळे पुसत होत्या, हसून हसून. "रविवार तुमचे. पण ते सारखं उठून नमस्कार करणं काढू नका हं. काय सुचलंय हो तुम्हाला."

"बाई, मुळात ते काय झालं, की मेमरीचं जे पान..."

"अहो," बायको म्हणाली, "हो म्हणा."

तो हो म्हणाला. मग आठवडाभर बसून त्याने खेळातच नीट, मोजून मापून नमस्कार घातले. रविवारी सासऱ्यांनी तालीम बघितली, मान थोडी तिरकी केली, आणि जावयाला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले,

"छान आहे हो. पण ते आधीचं जास्त सहज वाटायचं."