ठवकर साहेबांचा गरम गिलास

आमच्या ठवकर साहेबांच्या मीटिंगमध्ये बोलायचं, तर हात भाजून घ्यावा लागे. खोटं वाटत असेल तर माझा तळवा बघा. आयुष्यरेषा चहानंच पुसली आहे!

नियम असा : उकळत्या चहानं काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. रुमाल लावायचा नाही. गिलास टेबलावर टेकला की भाषण खतम. साहेब म्हणत, "मुद्दा असंन त माणूस चटका बसायच्या पयलेच बोलते."

सत्तर-बहात्तरची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधलं आमचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस मे महिन्यात इतकं तापे की खिडकीच्या गजांवर पोळ्या भाजाव्यात. त्यात आमचे मेश्राम. गिलासाआधीच्या काळात हे बोलायला उभे राहिले तेव्हा बाजारात आंबिया बहाराची संत्री होती. खाली बसले तेव्हा मृग बहाराची आली. गिलास हाती येताच हेच मेश्राम म्हणाले, "साहेब, पंप बंद, दोन माणसं द्या, आई गं!"

"मंजूर," साहेब म्हणाले. "'आई गं' तेवढं लिहू नका."

पाचाच्या ठोक्याला साहेब सायकलवर.

"काहून एवढी घाई, साहेब?"

"घरी दुसरी मीटिंग आहे गा."

एकदा सही राहिली म्हणून मी त्यांच्या महाल भागातल्या घरी गेलो. साहेबांच्या पत्नी कित्येक वर्षांपासून अंथरुणावर. खाटेसमोर उभे राहून साहेब आमची अख्खी मीटिंग करून दाखवत होते. माझं अडखळणं, मेश्रामचं "आई गं", सारं! बाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी.

"मंग?" त्या विचारत.

"सांगतो ना वं, आधी चहा घे." बशीतल्या चहावर फुंकर घालत साहेब घोट घोट पाजत होते.

दिवाळीनंतर बाई गेल्या.

तेरवी आटोपून साहेब आले. मीटिंग ठेवली ती चार वाजता. मेश्रामांनी दात आवळून गिलास उचलला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. गिलास थंड! चहावाला कानाशी पुटपुटला, "साहेबच बोलले, थंडा करून आणजो."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "बोल गा मेश्राम. घाई नाही."

मेश्राम बोलले. पाच वाजले. दोन्ही बहार होऊन गेले. सायकलीकडे कुणी पाहिलं नाही. शेवटी घसा बसला तेव्हा त्यांनी गिलास माझ्या हाती दिला. माझ्याजवळ मुद्दा औषधालाही नव्हता. मी तो थंडगार गिलास दोन्ही हातांनी धरला आणि ओरडलो, "आई गं!"

साहेब वळले. ओठ हलले, मिशी थरथरली, आणि हसू आलं. खुर्ची पुढे ओढून म्हणाले,

"मंग?"