मारोतरावांचं दुसरं मत

माझ्या दवाखान्यातली कापसाची बरणी मी झाकण घट्ट लावून ठेवतो, ती जंतूंच्या नव्हे, मारोतरावांच्या भीतीनं. हा गृहस्थ आला की आधी चिमूटभर कापूस उचलणार, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढणार आणि तोंड वाकडं करणार. "बिलकुल आखूड धागा, डॉक्टरसाहेब." परतूरच्या बाजारात त्यांनी जन्मभर कापसाची प्रत ठरवली. आता आष्टीत बसून माझ्या निदानांची ठरवतात.

नातीनं फोनवर एआय सुरू करून दिल्यापासून त्यांना जास्तच जोर चढलाय. गल्लीत कुणाची कंबर धरो, कुणाला जुलाब होवोत, मारोतराव आधी फोनला विचारणार आणि मग त्या माणसाला हाताला धरून माझ्याकडे आणणार.

"त्यो सात रोग सांगून राह्यला. शेवटी म्हन्ला, डॉक्टरला दाखवा. मंग आलो."

"आणि माझं पटलं नाही तर?"

"घरी जाऊन त्याला इचारतो. बराबर असंल तर तुमचा माल पास!"

एकदा त्यांच्या भाच्याच्या पोटदुखीवर फोननं असेच सात रोग मोजले. मी फक्त विचारलं, काल काय खाल्लं? पोरानं शेतावर हुरडा हाणला होता.

पण माझीही एकदा जिरली. मारोतरावांचा कोरडा खोकला महिना झाला तरी हटेना. मी आपला औषधाच्या बाटल्या बदलतोय. फोननं विचारलं, रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे? गोळी मीच दिलेली! ती बदलली आणि खोकला हळूहळू गेला. खरं सांगतो, मला फोनचा भयंकर राग आला होता.

गेल्या सोमवारी ते बायकोला, रुक्मिणकाकूंना, घेऊन आले. "बाजारातून येताना घरची वाट चुकली," एवढंच पुटपुटले. मी काकूंचा रक्तदाब बघेपर्यंत त्यांनी नवऱ्याला तीनदा विचारलं, "आज वार कोन्ता हाय?" तिन्ही वेळा मारोतरावांनी तितक्याच गोडीनं सांगितलं, "सोमवार."

मी सवयीनं चिडवलं, "मग, फोन काय म्हणतो?"

"त्याला न्हाई इचारलं."

गल्लीतल्या शेळीचा ताप विचारणारा माणूस हा! "का हो?"

"त्यो भडाभडा सांगून टाकतो, साहेब. समोरच्याचं तोंड न्हाई बघत. तुमी सांगा. पर जरा हळू सांगा."

 बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगून मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. काही तपासण्या करू, म्हणालो, कधी कधी साध्या कारणानंही विसरायला होतं. मग बरणीचं झाकण काढून ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी कापूस उचलला, पण ओढून बघितला नाही. नुसता मुठीत धरून बसले.

"आज वार कोन्ता हाय?" काकूंनी विचारलं.

"सोमवार," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.