वाकडी नळी, मध्यम, नग सात

"बत्तीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक टाचणी हरवलेली नाही, आणि हा मला गाडी शिकवणार!"

स्टोअरसाहेबांनी हे मिस्त्रीला ठणकावून सांगितलं, म्हणजे तो फाटकाबाहेर पोचल्यावर सांगितलं. तोंडावर बोलायची त्यांची पद्धत नव्हती. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन त्यांना चार महिने झाले होते, आणि एवढ्यात घरातले चमचे उंचीप्रमाणे लावून झाले होते. आता हाताला काहीतरी हवं होतं.

मिस्त्रीचा गुन्हा एवढाच, की घराशेजारची जुनी पिकअप स्वतःची बॅटरी लावून सुरू करून बघून तो म्हणाला होता, "पाण्याचा पंप बदलतो, कार्ब्युरेटर साफ करतो. दोन दिवसांचं काम."

"दोन दिवसांत होतं त्याला काम म्हणत नाहीत, उरकणं म्हणतात!" साहेबांनी बायकोला सुनावलं. "गाडी पूर्ण उघडायची. एकेक भाग पुसायचा, नोंदवायचा, परत लावायचा. पद्धत म्हणून काही असते की नाही?"

"मला पद्धत नको, गाडी हवीय," बायको म्हणाली.

पिकअप तिच्या वडिलांची. ते गेल्यापासून अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी. बायकोची घरामागे छोटी रोपवाटिका होती, आणि सहा वर्षं एकेक कुंडी विकल्यावर तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. नव्या वसाहतीच्या बागेसाठी चारशे रोपं! महिनाअखेरच्या शनिवारी, सकाळी आठच्या आत. उशीर झाला तर काम पलीकडच्या रोपवाटिकेला जाणार.

"अहो, तीनच आठवडे आहेत. जमेल ना नक्की?"

"अगं, तीन आठवड्यांत मी आगगाडी उघडून परत लावीन!"

उघडण्याचं मात्र मानलं पाहिजे. त्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. नऊ दिवसांत बाहेर नुसता सांगाडा उरला आणि बाकीची पिकअप बैठकीच्या खोलीत फळ्यांवर जाऊन बसली. धुतलेली, पुसलेली, डब्यांत भरलेली, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. सोफा व्हरांड्यात गेला. पाहुण्यांनी कुठे बसायचं असं बायकोने विचारलं, तर म्हणे पाहुणे नंतर बोलाव.

दहाव्या दिवशी साहेब गाडी जोडायला बसले आणि दुपारपर्यंत नुसतेच बसून राहिले. शेवटी बायकोने त्यांना न विचारता मिस्त्रीला बोलावून आणलं.

"या डब्यात काय आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"लहान नट."

"कुठले?"

"लहान म्हटलं ना!"

"इंजिनाचे की दरवाजाचे, साहेब?"

"मिस्त्री, नट हा नट असतो. आम्ही आकाराने लावतो."

मिस्त्रीने मटकन जमिनीवर बसकण मारली. "म्हणजे सगळ्या गाडीचे एकत्र?"

"एकत्र नाही हो! आकाराप्रमाणे!"

मग त्याने रजिस्टर मागितलं. आता साहेबांना गाडीच्या भागांची नावं कुठे येत होती? ती विचारायची तर मिस्त्रीलाच विचारावी लागली असती, आणि मग अब्रू काय राहिली असती! म्हणून त्यांनी स्वतःच बारशी केली होती. 'वाकडी नळी, मध्यम, नग सात.' 'भोकांची ताटली, नग दोन.' 'जड, उपयोग अज्ञात, नग एकसष्ट.'

"यात रोटर कुठेय?" मिस्त्रीने रडकुंडीला येऊन विचारलं.

साहेबांनी 'र'चं पान काढलं. रबर होतं, रिंग होती. रोटर नव्हता. "गाडीत नव्हताच," त्यांनी निकाल दिला.

"नव्हताच? त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही साहेब! मी स्वतः सुरू केलेली गाडी!"

"बरं, मग आणतो. त्यात काय एवढं?"

गाडी इतकी जुनी, की तिचे भाग दुकानात मिळत नव्हते. दोन बस बदलून शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात जावं लागायचं. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने अर्धा तास ढीग उपसला आणि साहेबांच्या तळहातावर बोटाएवढा काळा तुकडा ठेवला, टोकाला पितळेची पट्टी. साहेबांनी तो बघताक्षणी ओळखला. घरी, तिसरी फळी, डबा नऊ. 'काळं बोट, पितळी नख, नग एक.'

शहाणा माणूस जीभ चावून घरी गेला असता. साहेबांनी चष्मा सारखा केला. "हाच. बांधून द्या."

मग ते रोजचंच झालं. मिस्त्रीने नाव घ्यायचं, रजिस्टरात ते सापडायचं नाही, साहेबांनी बस पकडायची. थर्मोस्टॅट आणला, तो घरी 'तांब्याचं फूल' म्हणून नांदत होता. पेट्रोलचा पंप आणला, तो तर 'जड, अज्ञात'मध्ये दिमाखात बसलेला! पाचव्या खेपेला म्हातारा म्हणाला, "साहेब, गाडी चोरांनी लुटली की उंदरांनी खाल्ली? शुक्रवारी मी तुमच्या बाजूला येतोय. बघूनच जातो."

"या की," साहेब म्हणाले. मग नजर चुकवत त्यांनी बस गाठली.

बायकोला पत्ता लागला गुरुवारी, फळ्या झटकताना. "अहो, हे दोन सारखेच की! आणि हेही! दोन-दोन बस बदलून तुम्ही आपल्याच घरातल्या वस्तू आणताय?"

"त्याला राखीव साठा म्हणतात."

"मग परवा माझी चारशे रोपं त्या राखीव साठ्यावर बसून जाणार का?" तिला आधी हसू फुटलं, मग डोळेच भरून आले. "सहा वर्षं वाट बघितली हो मी! बाबांची गाडी होती, सुरू होत होती. दोन दिवसांचं काम होतं!"

साहेबांना लाज वाटली, अगदी खरीखुरी. आणि लाज वाटल्यावर या गृहस्थांनी केलं काय? राखीव साठ्याचं वेगळं पान आखायला घेतलं!

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रीने हात टेकले. "ताई, माफ करा. याला चार महिने लागतील, तेही साहेब माहेरी गेले तर."

बायको भाड्याच्या टेम्पोसाठी फोन लावत होती. शनिवारसाठी एकही रिकामा नव्हता. एवढ्यात फाटकाशी भंगारवाला म्हातारा उतरला, तोही स्वतःच्या पिकअपमधून. अगदी तशीच गाडी, गंजलेली, पोचे पडलेली, पण चालती.

आत येऊन तो फळ्यांसमोर थबकला. एक बोल्ट काढून उजेडात धरला. मग दुसरा, मग तिसरा.

"हे कोणी उघडलं?"

साहेब मिस्त्रीच्या पाठीमागे सरकले. "मी."

"माझी माणसं गाड्या हातोडीने फोडतात. दहातले सात भाग तिथेच मरतात. इथे एका बोल्टाचा आटा गेलेला नाही!" तो बायकोकडे वळला. "बाई, हे सगळं मला द्या, बदल्यात माझी गाडी घ्या. आत्ता. ही चावी."

बायकोने फळ्यांकडे पाहिलं. यात बाबांची गाडी आता कुठे उरली होती? बाहेर जाऊन तिने चावी फिरवली. इंजिन बाबांच्या गाडीसारखंच आधी खोकलं, मग सुरू झालं. डोळे पुसत ती आत आली. "कबूल! रोपं लगेच चढवते."

"एक अट आहे," म्हातारा म्हणाला. "साहेबांना माझ्याकडे पाठवायचं, गाड्या उघडायला. रोज दहा ते पाच."

"नऊ ते सहा न्या!" बायको म्हणाली. "डबा मी देते."

साहेबांना कोणी विचारलंसुद्धा नाही. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते कुणालातरी हवे होते. त्यांनी मिस्त्रीच्या पाठीमागून बाहेर येऊन छाती पुढे काढली. "येईन. पण रविवारी सुट्टी लागेल."

बायकोचा चेहरा पडला.