एरंडेल लावलेला प्रबंध

मोरोपंतांनी अकोल्यात जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे घरात काही बिघडलं की दुकानात जायची सोय नव्हती. ते स्वतःच दुरुस्त करत. मग ती वस्तू कायमची शांत होई.

सून अबोली बहिणीच्या साखरपुड्याला अमरावतीला निघाली. सोमवारी तिचा प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता आणि तो अख्खा लॅपटॉपमध्ये होता. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "बाबा, त्याले हात नका लावू."

हात त्यांनी लावलाच नसता. पण मे महिना, जठारपेठेतली दुपार आणि चार्जिंगला लावलेला तो लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. सुनेच्या वस्तूची काळजी म्हणून त्यांनी तो कुलरपुढे ठेवला. कुलरचा पंप नेमका बंद. मग वऱ्हाडात जे कोणीही करतं तेच त्यांनी केलं. बाहेर जाऊन कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं. फक्त मगाऐवजी बादलीनं. कुलरनं ते सगळं इमानदारीनं आत, लॅपटॉपवर पोचवलं.

"दुकानात न्या," पंतांच्या पत्नी ताराबाई म्हणाल्या.

"ओल कोरड्या धान्यात जिरते. दुकानवाल्याले काय समजते?"

त्यांनी हार्ड डिस्क काढली, आतलीही ओल निघावी म्हणून तिचं झाकण उचकटलं आणि ती तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरली. ताराबाई काही सांगू पाहत होत्या. पण प्रयोग चालू असताना बोललेलं पंतांना खपत नसे. सकाळी डिस्क बाहेर आली ती नुकत्याच तेल चोळलेल्या बाळासारखी चकचकीत.

"वर्षाच्या तांदळाले परवाच एरंडेल चोळलं मी, किडे होऊ नये म्हणून," ताराबाई म्हणाल्या. "कालपासून तेच सांगून राहिली."

अकोल्यातले सगळे दुकानदार पंतांचे विद्यार्थी. म्हणून त्यांनी तोंड लपवत अमरावतीची बस धरली. तिथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या श्रेयसनं डिस्क हातात घेतली आणि हुंगली.

"काका, इले जुलाब द्यायचा होता का?"

पंत पंख्याकडे पाहू लागले.

"पाणी डिस्कपर्यंत गेलंच नव्हतं. झाकण उघडलं अन् तेल गेलं, तिथं खेळ संपला. कॉपी असंल कुठं तर पाहा."

पंतांनी अबोलीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. पलीकडे साखरपुड्याची गडबड ऐकू येत होती.

"बाबा," ती म्हणाली, "दिवाळीत तुमच्याजवळ पेन ड्राइव्ह दिला होता ना, सांभाळून ठेवायले?"

पंतांच्या जीवात जीव आला. दिला होता! तो त्यांच्या किल्ल्यांनाच अडकवलेला होता. त्यांनी तो विजयी मुद्रेनं श्रेयसपुढे धरला. श्रेयसनं लावला, उघडला, आणि दुकानभर ढोलकी घुमू लागली. सेमाडोहच्या सहलीला गाणी न्यायची म्हणून आतलं 'इंग्रजी काहीबाही' आपणच पुसलं होतं, हे पंतांना आत्ता आठवलं.

"काय दिसून राहिलं, बाबा?" फोनवर अबोली विचारत होती.

पंतांनी घाम पुसला.

"दिसून काही नाही राहिलं," ते म्हणाले, "पण आवाज चांगला येऊन राहिला."