खोकल्याची नोंद होत नाही

“पण यानं खरंच केलंय का?”

हा प्रश्न फौजदारी न्यायालयात विचारू नये, याबद्दल सगळ्या सुधारलेल्या समाजांचं एकमत आहे. न्यायाधीशानं विचारला तर तो पक्षपात ठरतो. सरकारी वकिलानं विचारला तर त्याच्या मनात शंका असल्याचं दिसतं. आणि बचावाच्या वकिलानं विचारला तर, देव न करो, उत्तर मिळतं. अमेरिकेतल्या टॅलमन काउंटीच्या न्यायालयात हा प्रश्न गेल्या नऊ वर्षांत कुणीही विचारला नव्हता आणि कामकाज कसं बिनबोभाट चाललं होतं.

तो विचारायची पैज टीगन हॅल्व्हर्सनला तिच्या मैत्रिणीनं, ब्रिएलनं, शाळेच्या बसमध्ये लावली. नागरिकशास्त्राचा वर्ग न्यायदान पाहायला निघाला होता. (दरवर्षी मे महिन्यात निघतो. एक वर्ष न्यायदान, एक वर्ष सांडपाणी शुद्धीकरण. सांडपाण्याला मुलं जास्त येतात.)

“हिंमत असेल तर जजसाहेबांना विचार,” ब्रिएल म्हणाली. “नाहीतर सुट्टी लागेपर्यंत तू ‘वकीलसाहेबांची छकुली’.”

“अगं, सगळ्यांदेखत?”

“मग काय बाथरूममध्ये विचारणारेस?”

गेल्या ऑक्टोबरपर्यंत टीगनला ही पैज लावण्यात काही अर्थच नव्हता. हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचे ओठच तेवढे हलायचे. पण ऑक्टोबरात, जत्रेच्या मैदानावरच्या बँड स्पर्धेत, तिनं क्लॅरिनेटवर अख्खा तुकडा एकटीनं वाजवला. चाळीस पोरं गप्प, मैदान गप्प, आणि ती एकटी वाजवतेय. आकाश कोसळलं नाही. कुणी हसलं नाही. तेव्हापासून टीगनला असा काही चेव चढला होता, की दुसऱ्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा तीच द्यायची.

तिचे वडील रॉस हॅल्व्हर्सन हे गंभीर खटल्यांतले बचावाचे वकील. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं, आणि टॅलमनमध्ये सरकार जो वकील देतं तो म्हणजे रॉस. अत्यंत उदार व्यवस्था. तुम्हाला पकडणारं सरकार, तुमच्यावर खटला भरणारं सरकार, आणि तुमच्या बाजूनं लढणाराही सरकारनंच नेमलेला, म्हणजे आरोपीला ओळखी काढत हिंडावं लागत नाही. रॉसकडे एका वेळी दोनशेच्या आसपास आरोपी असतात. दर आरोपीला तो भेटतो. कधी कोठडीत, कधी जिन्यात, कधी नुसतंच नावानं.

काउंटीची कामगिरीही अभिमान वाटावा अशी आहे. शंभर आरोपींपैकी सत्त्याण्णव गुन्हा कबूल करतात. दोघांवरचा खटला सरकार मागे घेतं. उरलेला एक वाट बघता बघता वारतो. इतकी प्रामाणिक माणसं एकाच काउंटीत आरोपी म्हणून सापडावीत, हा योगायोग इतर काउंट्यांतही घडतो म्हणे. खटला असा उभाच राहत नसल्यामुळे ज्यूरीच्या बारा खुर्च्या रिकाम्या पडायच्या. त्यांच्यावर आता न्यायालयाचं ख्रिसमसचं झाड आडवं ठेवलेलं असतं. (प्लॅस्टिकचं आहे. सुईएवढं पानही गळलेलं नाही.)

त्या दिवशीचा आरोपी होता डॅरेल पडगेट, वय अठ्ठावीस, कोठडीचे नारिंगी कपडे, आणि कान जरा जास्तच बाहेर आलेले. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता बर्च क्रॉसिंगच्या दुकानात कुणीतरी पिस्तूल दाखवून गल्ला नेला होता. त्या दुकानाच्या कोपऱ्यात पोस्टाचंही काउंटर आहे. गल्ल्याबरोबर तिकिटांची गुंडाळीही गेली. म्हणजे दरोडा राज्य सरकारचा आणि गुंडाळी केंद्र सरकारची. एकाच कृत्यासाठी माणसाला दोनदा शिक्षा होऊ नये, असं राज्यघटनेत स्पष्ट म्हटलंय. म्हणूनच सरकारं दोन ठेवली आहेत. राज्याची सोळा वर्षं, केंद्राची पंचवीस, एकूण एक्केचाळीस. हा झाला छापील भाव.

छापील भावानं कुणीच घेत नाही. सरकारी वकीलबाईंनी दोन्ही सरकारांच्या वतीनं सहा वर्षं सांगितली होती. एक्केचाळीसचे सहा! असा सेल थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीलाही, लागत नाही. अट एवढीच, की आधी ‘मी केलं’ म्हणायचं. आणि ते स्वखुशीनं म्हणायचं, याची जजसाहेबांनी खात्री करून घ्यायची.

वर्ग मागच्या बाकांवर बसला. समोर टीगनचे बाबा, आणि जजसाहेबांच्या आसनासमोर लघुलेखनाच्या यंत्रावर टीगनची आई, लोरीन. (नवरा वकील आणि बायको त्याच न्यायालयात लघुलेखिका, हे नियमात बसत नाही असं एकदा कुणीतरी म्हणालं होतं. दुसरी लघुलेखिका मिळेपर्यंत ते नियमात बसवण्यात आलं. त्याला अकरा वर्षं झाली.) न्यायालयात बोललं गेलेलं सगळं लोरीन टिपते. मान हलवणं, सुस्कारा आणि खोकला यांची नोंद होत नाही, आणि टॅलमनमधल्या न्यायाचा बराचसा भाग याच तीन गोष्टींनी होतो.

“मिस्टर पडगेट,” जज ओबरली म्हणाले, “गुन्हा कबूल करण्यासाठी तुम्हाला कुणी धमकी दिलीय का?”

“एक्केचाळीस वर्षांची, साहेब.”

रॉस खोकला.

या खोकल्याबद्दल थोडं सांगायला हवं. प्रश्न चार, आणि चारही प्रश्नांची उत्तरं ठरलेली. आरोपी चुकला की रॉस खोकतो, जजसाहेब प्रश्न पुन्हा विचारतात, आरोपी सावरतो. बाहेरगावचे वकील यासाठी चिठ्ठ्या पाठवतात, कोपरानं ढोसतात. रॉसचा खोकला नुसता ऐकूनच माणसाला कायदा समजतो.

“पुन्हा विचारतो. धमकी?”

“नाही साहेब.”

“छान. कबुलीच्या बदल्यात कुणी काही देऊ केलंय?”

“हो की! सहा वर्षं.”

रॉस असा खोकला, की मागच्या बाकावरच्या मास्तरीणबाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली.

“पण तुम्हीच तर काल म्हणालात—” डॅरेल वकिलाकडे वळून सांगू लागला. खरं बोलायची शपथ घेतल्यावर माणूस खरं बोलायला लागतो, ही नवख्या आरोपींची नेहमीची चूक. सराईत गुन्हेगार असं कधी करत नाहीत. डॅरेल नवखा आहे, ही गोष्ट इथं कुणाच्या तरी लक्षात यायला हरकत नव्हती.

“पाच मिनिटं थांबू,” जजसाहेब म्हणाले. “मिस्टर हॅल्व्हर्सन, अशिलाला प्रश्न नीट समजावून सांगा. तोवर... मुलांनो, काही विचारायचंय?”

ब्रिएलनं कोपर मारलं. टीगन उभी राहिली.

“पण यानं खरंच केलंय का?”

सरकारी वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. जजसाहेबांनी चष्मा काढला, जणू प्रश्न काचेतून आत आला होता. रॉसनं खोकायला तोंड उघडलं, पण समोर पोटची पोर. खोकला आला तो खराच आला, आणि काही उपयोगाचा नव्हता.

डॅरेलनं मात्र मान मागे वळवली. सात महिन्यांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“नाही ना, पोरी! मी तिथं नव्हतोच. मी तर जत्रेच्या मैदानावर त्या बसची बॅटरी... अरे! तूच ना ती? बॅटरीला गाणं ऐकवणारी!”

टीगननं त्याचे कान ओळखले.

त्या शनिवारी स्पर्धा संपल्यावर बँडची बस सुरूच होईना. चाळीस पोरं पिसांच्या टोप्या घालून उन्हात उभी. एक ट्रकवाला थांबला, त्यानं तारा जोडल्या आणि म्हणाला, “वाजवा की काहीतरी, बॅटरीला जरा हुरूप येईल!” टीगननं आपला तुकडा पुन्हा वाजवला आणि शेवटच्या सुरावर बस खरंच सुरू झाली. मैदानाच्या मनोऱ्यात तेव्हा चारचे ठोके पडत होते. तिच्या शेवटच्या सुरात ते मिसळले म्हणून ती घड्याळावर चिडलीसुद्धा होती. बर्च क्रॉसिंग तिथून तासाभराच्या वाटेवर.

“बाबा, हा तिथं नव्हताच! म्हणजे दुकानात नव्हता! हा आमच्यापाशी होता!”

“याची नोंद घेऊ नका,” जजसाहेब म्हणाले.

लोरीनची बोटं मात्र चालतच होती.

सुनावणी गुरुवारवर गेली. कबुली की खटला, ते आरोपीनं तोवर ठरवायचं.

संध्याकाळी हॅल्व्हर्सनांच्या टेबलावर खिम्याचा मीटलोफ होता, आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

“त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं?” टीगननं विचारलं.

“सांगितलं होतं ना,” रॉस म्हणाला. “म्हणे चाळीस पोरं होती, डोक्यावर पिसं होती, आणि एक बॅटरीसाठी गात होती. काय करायचं मी याचं? त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवायचा अर्ज केला.”

“आणि तपास?”

“तपासनीस चार काउंट्यांत मिळून एक आहे. त्याचा गुडघा बदललाय.”

“बाबा, माझ्या खोलीत ती टोपी खुंटीवर आहे. सात महिने.”

“कुठली टोपी?”

“ज्या स्पर्धेला तुम्ही आला नव्हतात, त्या स्पर्धेची.”

रॉसनं काट्यानं बीन्सची रांग लावली. मग त्यानं वकिली सुरू केली, आणि ती निर्दोष होती. “बाळा, जरा डोकं शांत ठेवून ऐक. तुझ्या साक्षीनं त्याचं नुकसान आहे. एक, खटला म्हटलं की सहा वर्षांचा सौदा रद्द. दोन, माझी मुलगी साक्षीदार म्हणजे मला वकीलपत्र सोडावं लागणार. नवा वकील येईपर्यंत तो आतच. तीन, सरकारी वकीलबाई ज्यूरीसमोर तुला विचारणार, ‘तू खरंच बॅटरीला गाणं ऐकवलंस?’ आणि बारा माणसं हसणार. हसलेली ज्यूरी वाईट. तो हरला तर एक्केचाळीस. गुन्हा केलेल्या माणसाला खटला परवडतो, त्याला निदान काय लपवायचं ते माहीत असतं. निरपराध माणसानं इतका धोका पत्करू नये.”

“म्हणजे त्यानं केलं नाही म्हणून त्यानं ‘केलं’ म्हणायचं?”

“आता तुला कायदा कळायला लागला,” रॉस म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

फोन वाजला. कोठडीतून डॅरेल होता. रॉसनं ऐकलं, “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला.

“तो म्हणतो, ती पोरगी साक्षीला येणार असेल तर मी ‘केलं नाही’ म्हणतो. ती येणार नसेल तर सहा घेतो. तुझ्यावर सोडलंय त्यानं.”

क्लॅरिनेटचा सूर चुकला तर फार तर लोक हसतात. इथं चुकला तर एक माणूस एकोणसत्तर वर्षांचा होऊन बाहेर येणार होता.

इथपर्यंत आलेल्या सुज्ञ वाचकानं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केलीच असेल. एक्केचाळीसचा धोका आणि सहाची खात्री; चार पावसाळे पाहिलेला कुणीही शहाणा माणूस म्हणेल, ‘घे बाबा सहा, सुटशील लवकर.’ ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं त्यांचं अभिनंदन. त्यांनी एका निरपराध माणसाला सहा वर्षं ठोठावलेली आहेत, तेही बाजू पूर्ण ऐकून, आणि मीटलोफ निवायच्या आत. इतक्या झटपट तर जज ओबरलीही निकाल देत नाहीत. कबुली स्वखुशीनं दिली का, एवढं तरी ते चार वेळा विचारतात.

टेबलावर टकटक होत होती. लोरीनची दहा बोटं बशीच्या कडेला नकळत चालत होती. अकरा वर्षांची सवय.

“आई, सकाळचं ते तू लिहिलंस?” टीगननं विचारलं. “जजसाहेब नको म्हणाले तरी?”

“सगळं लिहिलं,” लोरीन म्हणाली. “तुझा प्रश्न लिहिला. त्याचं उत्तर लिहिलं. आणि रॉस, तुझे खोकलेसुद्धा लिहिले. तीन. कंसात.”

रॉसचा चेहरा पडला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला, आणि बोलायच्या आधी घसा साफ करू लागला.

टीगन उभी राहिली.

“मी साक्ष देणार आहे. क्लॅरिनेट घेऊन येणार आहे, टोपी घालून येणार आहे, हसू देत हसायचं तेवढं. उद्या जाऊन त्या खुर्च्यांवरचं झाड हलवायला सांगा, तिथं माणसं बसायचीयत. आणि बाबा, खोकू नका. आई लिहून घेतेय.”