नऊ टेक आणि एक पान

शनिवारी सकाळी लेमारा उठून बाहेर आली, तर मास्तरांच्या घरामागच्या शौचालयापुढे रांग लागलेली. गावात घरं चौतीस आणि शौचालय हे एवढं एकच. तरी रांग कधी नव्हती. गाव आपलं किनाऱ्यावरच्या झुडपांत जायचं.

"आज सगळे इकडे कसे?" तिनं बुबू लेसाऊला विचारलं. साऱ्या गावाची ही बुबू, म्हणजे आजी, रांगेत चौथी होती.

"कसे म्हणजे? किनाऱ्याच्या वाटेवर नामेलेचं पान लागलंय ना! ओलांडलं की दंड एक डुक्कर. माझ्याकडे डुक्कर आहे एकच, आणि मला जावं लागतं रोज."

वाट बंद असल्याची खूण असलेलं हे पान लेमाराच्याच मालिकेतलं होतं. विज्ञानाची पदवी घेऊन ती राजधानीत, पोर्ट व्हिलाच्या एका टीव्ही मालिकेत कामाला लागली होती. लोकांनी पाहावं आणि सुधारावं अशी ती मालिका. पानाचा प्रसंग तिनं स्वतः लिहिला होता: गावचा चीफ वाटेवर पान लटकवतो आणि गरजतो, "घरोघरी शौचालय होईपर्यंत ही वाट बंद!" चीफचं काम गावच्या खऱ्या चीफनीच, कालमातक यांनी केलं. काल चित्रीकरण आटोपून मंडळी जहाजानं परतली. लेमारा मागे राहिली, कारण मालिका दिसण्याआधी गावात शौचालयं किती आणि दिसल्यावर किती, हे तिला मोजायचं होतं. फरक दिसला तर पुढच्या वर्षी मालिका राहणार, आणि तिची नोकरीही.

चीफ अंगणात यामचे कंद सोलत बसले होते.

"चीफ, ते पान काढा. नाटक संपलं."

"तुझं संपलं, पोरी. पान माझ्या हातानं लागलंय."

"पण ती वाक्यं मी लिहिली होती!"

"लिहिलीस तू. तोंड कुणाचं होतं?"

"अहो, कॅमेऱ्यापुढे बोललेलं खरं नसतं!"

"एकदाच बोललो असतो तर मीही सोडून दिलं असतं. तू नऊ वेळा वदवून घेतलंस. अख्ख्या गावानं नऊ वेळा ऐकलं."

हे खरं होतं. आठवा टेक उत्तम झाला होता. पण त्यात चीफ 'घरोघरी'ऐवजी 'बहुतेक घरी' म्हणाले होते, आणि 'बहुतेक' हे शास्त्रात बसत नाही असं लेमाराचं मत पडलं होतं.

दुपारी गावभर फावड्यांचे आवाज सुरू झाले. लेमारा धावत सुटली.

"थांबा! खणू नका!"

"अगं, महिनाभर तूच घसा फोडत होतीस, खणा खणा म्हणून," एकजण खड्ड्यातूनच म्हणाला.

"हो, पण आत्ता नको! दोन आठवड्यांनी जहाजानं फॉर्म येतायत. मी आधी मोजते, मग खणा."

बुबूनं फावडं जमिनीला टेकवलं. "तू थांबशील का गं दोन आठवडे?"

साध्या कागदावर त्याच दिवशी मोजता आलं असतं. पण मोजणी छापील फॉर्मवरच करायची असा नियम होता, आणि तो लेमारानंच घालून दिला होता. शिवाय तिसऱ्या दिवशी रांगेला कंटाळून तिनंही फावडं उचललं. नुसतं उचललं नाही. खोली वीतभर कमी भरली म्हणून चार घरांना पुन्हा खणायला लावलं.

फॉर्म आले त्याच सकाळी चीफनी डुक्कर मारून रीतसर पान उतरवलं. दुपारी लेमारा भरलेले फॉर्म घेऊन त्यांच्या अंगणात येऊन बसली.

"चौतीस घरं, चौतीस शौचालयं. मालिका अजून लागलीच नाही. लागल्यावर वाढणार काय?"

"म्हणजे फरक?"

"शून्य. ऑफिस म्हणणार, मालिकेचा काही उपयोग झाला नाही."

"आणि तुझी नोकरी?"

लेमारा फॉर्मच्या कडा जुळवत राहिली. चीफनी त्यातला एक फॉर्म उचलून पाहिला.

"असं कर. उद्या आम्ही दहा पाडतो. तू परत मोज. मालिका लागून गेली की पुन्हा बांधू. आता हात बसलाय सगळ्यांचा."

"छे, चीफ! भलतंच काय!" लेमारा म्हणाली. पण त्याआधी क्षणभर तिचे ओठ हलले होते: चौतिसात दहा, एकोणतीस पूर्णांक चार टक्के.

चीफनी ते पाहिलं.

"कमी पडतात का? बारा पाडू."